पाहुणा समेवर आला पाहिजे

बँकेत प्रत्येक माणूस कशात ना कशात तज्ज्ञ समजला जातो. कुणी नोटा मोजण्यात, कुणी सह्या ओळखण्यात, तर कुणी साहेब केबिनबाहेर पडताक्षणी कामात गढून गेलेलं दिसण्यात. माझा लौकिक पासबुकाचा. पासबुक यंत्रात अशा बेतानं सरकवायचं, की नवी ओळ जुन्या ओळीच्या डोक्यावर न बसता तिच्या पायाशी बसावी, आणि 'नावे'चा आकडा 'जमा'च्या रकान्यात घुसून खातेदाराला क्षणभर श्रीमंत करू नये, ही कला मला साधलेली आहे. बी.कॉम.च्या तीन वर्षांत ती कुणी शिकवली नव्हती. गडहिंग्लजच्या बाजारात निम्मे लोक मला नावानं ओळखतच नाहीत. 'ते सरळ छापून देणारे' एवढीच माझी ओळख.

याच कीर्तीपायी मी समीक्षक झालो, आणि तोही संगीताचा. समीक्षक म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे झब्बा, शाल, पहिल्या रांगेतली खुर्ची आणि चुकीच्या जागी न हलणारी मान उभी राहील. तसं काही नाही. ती मंडळी गाण्याचं परीक्षण करतात, मी गाण्याच्या कागदाचं करतो. गाणं कसं झालं हे मला विचारू नका. लहानपणी दोन वर्षं मी मास्तरांकडे पेटी शिकायला जात होतो. तिसऱ्या वर्षी मास्तरांनीच वडिलांना "मुलगा हिशेबात हुशार आहे हो," असं सांगून आम्हा दोघांची सन्मानानं सुटका केली. पण शब्द स्वराखाली नीट बसलाय की नाही, हे मात्र मला विचारा. त्यासाठी मी रात्री जागलो आहे.

झालं असं, की उन्हाळ्यात मास्तरांचा निरोप आला. गेलो. मास्तर आता एक्याऐंशीचे. बोलतात पूर्वीसारखेच, म्हणजे थोडं. पण चहाची कपबशी धरली की कप बशीवर तीनताल वाजवतो.

"अरे, तू म्हणे सरळ छापतोस."

"पासबुकं छापतो मास्तर."

"मग एक वही आहे."

वही गणिताची होती. चौकटी-चौकटींची. शाळेत बेरजा एकाखाली एक मांडायला मिळायची, तसली. मास्तर पहिल्यापासून काटकसरी. गणिताची वही स्वस्तात मिळाली असेल, असं मी मनात म्हणालो. हे माझं मत लक्षात ठेवा. पुढे ते मला गिळावं लागलं.

वहीत एकसष्ट बंदिशी होत्या. काही त्यांच्या गुरुजींकडून आलेल्या, काही त्यांनी स्वतः बांधलेल्या. आजवर शिष्यांना त्या झेरॉक्सवर मिळत. पण झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिची पुन्हा झेरॉक्स, असं करता करता मास्तरांनी पेन्सिलीनं दिलेली टिंबं अदृश्य झाली आणि माशांनी दिलेली टिंबं ठळक उमटू लागली. स्वरलेखनात टिंब म्हणजे गंमत नव्हे. एक टिंब इकडचं तिकडे झालं, की माणूस तळमजल्यावरून गच्चीवर जातो. मास्तरांचा हात चालत नाही, त्यामुळे नवी प्रत त्यांना काढता येईना. त्यांचं मागणं एवढंच, की गुरुपौर्णिमेला प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एकेक नीट छापलेली प्रत पडावी. "मी असेपर्यंत मी आहे. नंतर कागद," असं म्हणून त्यांनी कपबशीचं आवर्तन पुरं केलं.

आता गाण्याचा कागद म्हणजे काय, हे न शिकलेल्यांसाठी सांगतो. शिकलेल्यांनी एक परिच्छेद सुपारी कातरावी. मास्तरांनी भीमपलासमध्ये बांधलेली एक साधी चीज आहे. तीनताल, सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उचलायचा. शब्द असे:

ज गा ऽ वे | ग ळा ऽ ऽ | पा ऽ हु णा | आ ज आ ला

जगावेगळा पाहुणा आज आला. मधे जे ऽ दिसतात ते अवग्रह. म्हणजे नवं अक्षर नाही, आधीचंच लांबवा. अक्षरं बारा आणि अवग्रह चार, मिळून सोळा. आता बघा, पहिले आठ खण चालून गेल्यावर समेवर काय येतं? 'पा'! म्हणजे पाहुणा बरोबर समेवर दारात. तबल्याचा 'धा' म्हणजे दारावरची थाप. मास्तरांनी हे मुद्दाम केलं, की आपसूक झालं, कोण जाणे. पण भीमपलास दुपारचा राग आहे, तेव्हा पाहुणा जेवायच्याच बेतानं आला असणार, एवढं नक्की.

तेव्हा कागदावर ओळी तीन. एक तालाच्या खुणांची, एक स्वरांची, एक शब्दांची. तिन्ही एकमेकींच्या बरोबर खाली पाहिजेत. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तारीख, तपशील आणि रक्कम. तारखेपुढे दुसऱ्याच दिवसाची रक्कम आली, तर बेरीज बरोबर येऊनही खातं खोटंच.

ही मांडणी ज्यांनी घालून दिली त्यांचं ऋण मानून मग परीक्षणाला लागतो. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशानं वकील. दारोदार फिरून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी चिजा गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह छापल्या. वकिलाचा कागद जसा असावा तसाच त्यांचा कागद आहे: स्वच्छ, कलमवार, वाद उद्भवू नये असा. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्राचं टिंब खाली, तारेचं वर. समेला फुली, खालीला शून्य. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले, तर त्यांच्याखाली चंद्रकोर. एवढ्या भांडवलात संसार. माझ्यासारख्या कारकुनालाही कळेल अशी ती लिपी आहे, आणि ही मी तिला दिलेली सर्वात मोठी शाबासकी.

दुसरे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१). हे तर आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं सुरू झालं. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांनी आपली स्वरलिपी वेगळी केली. तिच्यात मात्रेचे पाव, अर्धे, एक असे वाटे दाखवायला स्वराखाली निरनिराळ्या खुणा असतात. बारकाईत ती भातखंड्यांच्या पुढे आहे. पण नवशिक्याला ती एकदम दागिने घालून समोर येते. आणि एक गोष्ट तर अशी, की तिच्यापायी दोन्ही पंडितांपुढे मी हात टेकले. डोक्यावरचं टिंब भातखंडे तारसप्तकाला देतात, तर पलुसकर मंद्राला! म्हणजे तेच टिंब एकाच्या घरी गच्चीवर, दुसऱ्याच्या घरी तळघरात.

मास्तरांच्या गुरुजींची परंपरा पलुसकरांची. त्यामुळे वहीची पहिली काही पानं पलुसकरी, पुढची भातखंडे पद्धतीची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळीच टिंबं भातखंड्यांच्या हिशेबानं घेतली. एका विद्यार्थिनीनं माझ्या कच्च्या प्रतीवरून जो पहिला स्वर लावला, त्यानं शेजारच्या घरातला कुकर शिट्टी द्यायचा थांबला.

पण ही चूक माझी. आता ज्याच्या परीक्षणासाठी हा लेख आहे, त्या सॉफ्टवेअरकडे वळू.

बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणारं एक दुकान आहे. तिथल्या पोराच्या संगणकात सरगम छापायचं एक सॉफ्टवेअर होतं. कुणी घातलं, कधी घातलं, कुणालाच ठाऊक नाही. संस्थानी वाड्यातल्या झुंबरासारखं ते तिथं होतं, एवढंच. आवृत्ती जुनी. संगणक त्याहून जुना, विंडोज एक्सपीचा, ज्याचा सांभाळ खुद्द मायक्रोसॉफ्टनं २०१४ साली सोडून दिला. पण आमच्याकडे एखादी वस्तू मालकानं सोडली, म्हणून ती वापरायची नाही असा दंडक नाही. आमची एस.टी. त्याच तत्त्वावर चढ चढते.

पहिल्या दिवशी स्वर छापले. सुरेख आले. मग खाली शब्द घातले. 'ज' बसला, 'गा' बसला, 'वे' जरा डावीकडे, 'ग' त्याच्याहून डावीकडे, आणि ओळ संपेस्तोवर 'ला' दोन घरं अलीकडे.

"काका, शब्द सरकायल्यात," पोरगा म्हणाला.

"मग काय करायचं?"

"स्पेस मारायची की!"

स्पेस मारली. एक मारली तर कमी, दोन मारल्या तर जास्त. हा या सॉफ्टवेअरचा पहिला दोष, आणि तो मुळातला आहे. त्याला मात्रा कळत नाही, जागा कळते. 'णा' रुंद, 'ग' अरुंद. तेव्हा 'णा'ला जास्त जागा आणि 'ग'ला कमी, असा त्याचा न्याय. लग्नपत्रिकेला हा न्याय ठीक आहे. गाण्यात 'णा' कितीही लठ्ठ असला आणि 'ग' कितीही किडकिडीत असला, तरी दोघांना मात्रा एकेकच. शिवाय स्वरांची ओळ आणि शब्दांची ओळ त्याच्या लेखी एकमेकींच्या कुणी लागत नाहीत. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड वेगळं, खालचं वेगळं. वरच्यानं खाट सरकवली, तर खालच्याला पत्ता नाही.

दुसरा दोष पायाखालचा. भीमपलासमध्ये मंद्रातला कोमल निषाद पदोपदी लागतो. कोमल म्हणून खाली रेघ, मंद्र म्हणून खाली टिंब, आणि तो मात्रेत जोडीनं आला तर खाली चंद्रकोर. एका 'नि'च्या पायाशी तीन माणसं झोपलेली, आणि त्यांच्याही खाली शब्दांची ओळ! जुन्या आवृत्तीत या सगळ्यांना मिळून एकच सतरंजी. टिंब रेघेत बुडालं, चंद्रकोर खालच्या अक्षराच्या डोक्यावर बसली आणि 'गळा'च्या जागी 'गँळा' दिसू लागलं.

तिसरा दोष सर्वांत गोड. त्या दुकानातल्या मराठी फॉन्टात अवग्रहच नव्हता. हे फॉन्ट युनिकोडपूर्व काळातले. आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना वरून मराठी अंगरखा घातलेला. पोरानं अवग्रहाच्या जागी सरळ इंग्रजी एस वापरला. दिसायला तसाच दिसतो. पुष्कळ छापील पुस्तकांतही तो एस गुपचूप अवग्रहाची नोकरी करताना मी पाहिला आहे. हंगामी म्हणून लागला आणि कायम झाला. पण छापताना सगळ्या मजकुराला एकच फॉन्ट लागला, तसा एसनंही मराठी अंगरखा घातला, आणि जिथं जिथं स्वर लांबवायचा तिथं तिथं भलतंच अक्षर दात काढून उभं राहिलं. रात्रीचे दहा वाजले होते. पोरानं वैतागून 'शोधा आणि बदला' हा हुकूम चालवला. सगळे एस शोधले आणि त्यांच्या बदल्यात काहीही घातलं नाही. सॉफ्टवेअरनं मोकळ्या जागा आपणहून मिटवून घेतल्या, उरलेली अक्षरं एकसारखी पसरवली आणि दर चार अक्षरांमागे इमानानं दंड मारला.

ज गा वे ग | ळा पा हु णा | आ ज आ ला

काय देखणं पान आलं म्हणता! पासबुकाच्या माझ्या आयुष्यात इतकं सरळ छापलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तृप्त मनानं पंचवीस प्रती काढल्या आणि आठ दिवस बँकेच्या तिमाहीत बुडून गेलो.

नवव्या दिवशी संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. दोन मुली गात होत्या. तबल्यावर एक पोरगा होता. आमच्या गावी कुठल्याही पोराला काहीही करायला लावलं, तरी तो मुळात फुटबॉलचाच असतो. मुलींनी खालीपासून मुखडा उचलला. सूर बरोबर. समेला मध्यम बरोबर. पण तबल्याचा 'धा' पडायच्या आधी तीन मात्रा पाहुणा घरात! यजमान अजून बनियनवर, आणि पाहुणा पाटावर. समेवर आला तो 'आज'मधला 'आ'.

"ऑफसाइड!" तबलजी ओरडला.

सगळे हसले. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले. पुन्हा तेच. मास्तरांनी हातानं ताल धरून स्वतः म्हणून दाखवलं. पाहुणा समेवर. मोठी मुलगी नम्र होती. तिनं माझी प्रत पुढे केली आणि म्हणाली, "पण मास्तर, छापलंय असं."

मास्तरांनी कागद घेतला. चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. कागद इतका स्वच्छ होता, की त्यात चूक असेल असं कुणालाही वाटलं नसतं. मग ते हळूच म्हणाले, "असेल. छापलंय तर तसंच असेल. माझं वय झालं आता."

त्या संध्याकाळी मी परत कसा आलो मला आठवत नाही. ज्यानं ती चीज बांधली, तो माणूस माझ्या कागदाकडे बघून स्वतःच्या गळ्यावर संशय घेत होता! बँकेतले जुने लोक सांगतात, की पूर्वी दिवसाअखेरीस तीन रुपयांची तफावत आली, तर रात्री बारापर्यंत सगळी शाखा बसून राहायची. तीन रुपये कुणीही खिशातून टाकले असते. पण तसं करायचं नाही, चूक सापडलीच पाहिजे. इथं तीन मात्रांची तफावत होती, आणि ती एका म्हाताऱ्या माणसाच्या खात्यावर मी निमूटपणे नावे टाकली होती.

घरी आल्यावर सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाहुणा नक्की कधी येणार ते एकदा ठरवा. मला कुकर लावायचाय."

रात्री वही उघडली. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणावी, की दुसरं घ्यावं, हा विचार चालला होता. परदेशी स्टाफ नोटेशनची सॉफ्टवेअरं याबाबतीत फार शहाणी असतात. तिथं प्रत्येक अक्षर त्या-त्या स्वराला दाव्यानं बांधलेलं असतं. एक अक्षर लिहून स्पेस मारली, की तुम्ही आपोआप पुढच्या स्वराखाली. स्वर सरकला, की अक्षरही त्याच्यामागं. पाश्चात्त्यांचं हे स्वर-शब्दाचं नातं जुनंच. अकराव्या शतकात इटलीतल्या गीदो नावाच्या साधूनं एका स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन स्वरांना नावंच दिली. ते 'रे-मी-फा' मुळात शब्दांचेच तुकडे. पण या सॉफ्टवेअरांच्या जुन्या आवृत्त्यांना देवनागरी पचत नसे. जोडाक्षराचे पाय वेगळे, वेलांटी वेगळी. आणि नव्याचा तरी काय भरवसा? १९८८ पासून जगभर चाललेलं 'फिनाले' नावाचं नामांकित सॉफ्टवेअर २०२४ च्या ऑगस्टमध्ये मालकांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं. नाव 'फिनाले' ठेवलं, तेव्हाच कुणीतरी ओळखायला हवं होतं.

आणि पाश्चात्त्यांचं ते दावंही आपल्या कामाचं नाही, हे मला त्या रात्री वही बघताना कळलं. त्यांच्याकडे शब्द स्वराला बांधलेला. आपल्याकडे शब्द स्वराला बांधलेला नाही आणि स्वर शब्दाला बांधलेला नाही. दोघेही मात्रेला बांधलेले. स्वर थांबेल, शब्द थांबेल, पण मात्रा चालतच राहते. अवग्रह म्हणजे 'काही नाही' नव्हे. अवग्रह म्हणजे शब्दानं भरलेलं भाडं: मी बोलत नसलो, तरी ही खोली माझ्याकडेच आहे.

आणि हे सगळं मास्तरांच्या वहीत पहिल्या पानापासून होतं. गणिताच्या चौकटी! एक चौकट, एक मात्रा. वरच्या चौकटीत तालाची खूण, खालच्या चौकटीत स्वर, त्याच्या खालच्या चौकटीत अक्षर. 'णा' असो की 'ग' असो, घर सारखंच. मी ज्याला काटकसर समजलो होतो, ती वही मास्तरांनी पन्नास वर्षांपूर्वी विचार करून निवडली होती. कॉमर्सचा पदवीधर मी. रकाने ओळखायला मला दोन महिने लागले.

दुसऱ्या दिवशी पोराला म्हणालो, "तुझं सरगमचं दुकान बंद कर. हिशेबाचा तक्ता काढ."

"एक्सेल? गाण्याला?"

"गाण्याला."

सोळा उभे रकाने, सगळे एका रुंदीचे. प्रत्येक अक्षर आपल्या खणात मधोमध. टिंबांसाठी स्वतंत्र आडव्या ओळी ठेवल्या, एक स्वराच्या वर, एक खाली; त्यामुळे पायाशी झोपणाऱ्यांना आपापली सतरंजी मिळाली. फॉन्ट युनिकोडचा घेतला. त्यात अवग्रह अस्सल मराठी आहे. अंगरखा काढला तरी अवग्रहच राहतो. पलुसकरी पानांतली टिंबं मास्तरांना विचारून एकेक भातखंड्यांच्या बाजूला उतरवली. चंद्रकोरी मात्र काही केल्या जमेनात. त्या सगळ्या छापील पानांवर मी हातानं, काळ्या पेनानं काढल्या. समीक्षक म्हणून नोंद करतो, की पानावरची सर्वांत सुंदर गोष्ट त्याच आहेत.

गाण्याच्या छपाईत विनोदी लेखकानं पडणं नवीन नाही, असंही मग मला कळलं. 'काका हाथरसी' (१९०६–१९९५) या हिंदीतल्या हास्यकवीनं १९३२ साली हाथरसला संगीत कार्यालय काढलं. संगीताची पुस्तकं छापणारं ते मोठं नाव. भातखंड्यांची पुस्तकमालिका हिंदी वाचकांकडे तिथूनच गेली. तेव्हा परंपरा आहे. मी फक्त तिच्यात एक ओळ सरळ छापली.

शेवटचं प्रूफ घेऊन मास्तरांकडे गेलो. तपासायची त्यांची पद्धत मी पहिल्यांदाच पाहिली. ते वाचत नाहीत. डाव्या हातानं मांडीवर ताल धरतात, उजव्या हाताचं बोट खणांवरून चालतं, आणि तोंडानं बारीक गुणगुणतात. बोट अडखळलं, की तिथं चूक. एरवी थरथरणारं ते बोट खणांवरून असं चालत होतं, जणू हिरण्यकेशीच्या घाटाच्या रोजच्या पायऱ्या. 'पा'वर आलं, मांडीवर सम पडली. मास्तर माझ्याकडे न बघता "हं" म्हणाले. पासबुक छापून देण्यात हा आनंद नाही.

अंतऱ्यात मात्र बोट थांबलं.

"इथं काय केलंस?"

"वहीत तो खण रिकामा होता मास्तर. तुमच्याकडून राहिला असेल म्हणून मी अवग्रह घातला."

"राहिला नाही. तो रिकामाच आहे." मास्तर म्हणाले, "तिथं गप्प बसायचंय."

मी अवग्रह काढला. पण तक्त्याचा स्वभाव असा, की खण खरोखर रिकामा असला, तर शेजारच्या खणातला मजकूर त्यात पाय पसरतो. आधीच्या खणात एका मात्रेत तीन अक्षरं होती, ती लगेच तिथं डोकावली. पोरानं युक्ती केली. रिकाम्या खणात एक स्पेस मारून ठेवली. दिसत काहीच नाही, पण शेजाऱ्याला कळतं, की घरात माणूस आहे. ज्या स्पेसनं सुरुवातीला घात केला, तिनंच शेवटी राखण केली.

गुरुपौर्णिमेला प्रती वाटल्या. मुलींनी गायलं, पाहुणा समेवर आला, आणि तबलजीनं मला लांबून अंगठा दाखवला. मास्तरांनी छापील प्रत घेतली, कौतुकानं उलटीपालटी केली आणि शेजारी ठेवली. मग म्हणाले, "माझी वही आण हं परत." गेल्या आठवड्यात नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी बँकेत एका आजोबांचं पासबुक छापून दिलं. ते चष्मा सरसावून बघत राहिले आणि म्हणाले, "हितं मधी एक वळ मोकळी का ओ सोडली?"

"तिथं श्वास घ्यायचाय," असं मी जवळजवळ म्हणून गेलो होतो.